काडतुसाची मान आणि एका थाउचा बुश

पुतण्या टेक्सासला, भाची ओहायोला, आणि दोघांनाही रविवारी रायफल घेऊन रेंजवर जायची नवी हौस. ठाण्यात असं घर शोधायला आता फार फिरावं लागत नाही. तिकडची ही मुलं आधी तयार काडतुसं विकत घेतात. मग ती महाग पडतात म्हणून, आणि पुढे अचूकतेच्या नादाने, उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी घरीच पुन्हा भरायला लागतात. आणि एक दिवस व्हॉट्सअॅपवर फोटो येतो. तळहातावर एक छोटं पोलादी कडं, त्यावर कोरलेला आकडा ३३४. खाली प्रश्न: "काका, दुकानात ३३१ पासून ३३८ पर्यंत सगळे आहेत. मी कुठला घेऊ?"

असे प्रश्न माझ्याकडे येतात ते मी बंदूकवाला आहे म्हणून नव्हे. माझी नोकरी वागळे इस्टेटमधल्या टूल रूममध्ये झाली. डाय, बुश, मँड्रेल, प्रेस फिट हे रोजचं काम होतं. काडतुसाची मान आवळणारं हे कडं म्हणजे आमचा बुशच. इंटरनेटवर या प्रश्नाला दहा जण दहा आकडे सांगतात आणि बहुतेक वेळा ते सगळे आपापल्या रायफलपुरते बरोबर असतात. गोंधळ होतो तो तिथेच.

आधी कायद्याचं सांगून टाकतो. पुढे जे लिहिलंय ते अमेरिकेत किंवा जिथे या छंदाला परवानगी आहे तिथे राहणाऱ्यांसाठी, आणि इथल्या कुतूहलासाठी. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. रायफल बाळगायचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे. वसंत विहारमधल्या फ्लॅटमध्ये कुणी हे करू पाहील तर ते छंदात मोडत नाही, गंभीर गुन्ह्यात मोडतं.

## काडतुसात काय असतं

रायफलच्या काडतुसात चार वस्तू असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी मध्यभागी बसवलेला प्रायमर म्हणजे ठिणगी देणारी टिकली, आत दारू, आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. गोळी जिथे धरलेली असते तो पुंगळीचा निमुळता भाग म्हणजे मान. मानेखालचा उतार म्हणजे खांदा.

पुंगळीचं पितळ ठरलेलं असतं, सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. यातलं काही आपल्याच जिल्ह्यात होतं हे फार लोकांना माहीत नसतं. अंबरनाथची आयुध निर्माणी ही मुळात धातुकामाची फॅक्टरी. लहान शस्त्रांच्या काडतुसांसाठी लागणारे पितळी कप तिथे बनतात. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला आणि पुण्यात खडकीला त्यापुढचं काडतुसाचं काम चालतं. पितळेचा कप टप्प्याटप्प्याने ओढत ओढत लांब करतात आणि मधल्या टप्प्यांवर तापवून नरम करतात, कारण पितळ ओढलं, दाबलं, वाकवलं की कडक होत जातं. हा गुण लक्षात ठेवा, मानेची बरीचशी भानगड त्यातूनच येते.

गोळी सुटते तेव्हा आतला दाब पुंगळीला चेंबरच्या भिंतीवर दाबून धरतो. चेंबर म्हणजे नळीच्या मागचा, काडतूस बसायचा कप्पा. दाब उतरला की पितळ थोडं आकसतं, म्हणूनच पुंगळी बाहेर काढता येते. पण मान मूळ मापावर येत नाही, फुगलेलीच राहते. तिच्यात नवी गोळी ठेवली तर सरळ आत पडेल. म्हणून मान पुन्हा आवळावी लागते, आणि ते काम डाय करते, म्हणजे पुंगळी ज्यात दाबून मापात आणतात तो पोलादी साचा.

## साधी डाय काय वाईट आहे?

वाईट नाही, फक्त ती सगळ्यांसाठी बनवलेली असते. कुठल्या कंपनीची पुंगळी येईल, तिच्या मानेची भिंत जाड असेल की पातळ, हे डाय बनवणाऱ्याला माहीत नसतं. म्हणून तो सगळ्यात पातळ भिंतीचा विचार करून डाय घट्ट ठेवतो. साहजिकच मान गरजेपेक्षा जास्त आवळली जाते. मग डायच्या आत एका दांड्यावर एक्स्पांडर नावाची गुंडी असते, ती पुंगळी बाहेर ओढताना मानेतून जाते आणि मान पुन्हा थोडी उघडते. आधी खूप दाबायचं, मग ओढून उघडायचं. दर वेळी एवढी कसरत झाली की पितळ लवकर कडक होतं, आणि वर ओढताना गुंडी मानेला तिरकंही करू शकते.

बुशच्या डायमध्ये मानेच्या जागी पोलादाचं बदलता येणारं कडं बसतं. ही कडी एकेका थाउच्या फरकाने मिळतात. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रॉन. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या जुन्या टर्नर-फिटरांच्या तोंडी हाच शब्द आहे. रेडिंग, फॉर्स्टर, विल्सन या तिकडच्या कंपन्या अशा डाय आणि बुश बनवतात. ३३४ म्हणजे ०.३३४ इंच, म्हणजे कड्याच्या आतला व्यास.

जांभळी नाक्यावर बांगड्या घ्यायला गेलेल्या बाईला हे चटकन कळेल. बांगडीला दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ अशी ठरलेली मापं असतात, दोन इंच आणि वर इतके सोळांश. शेजारणीला दोन-सहा होते म्हणून आपल्याला होईलच असं नाही. कासार आधी हात बघतो, मग माप काढतो. बुशचंही तसंच आहे, फक्त बांगडीतली एक पायरी इंचाच्या आठव्या भागाची, आणि इथली हजाराव्या भागाची.

## मग माप कशाचं घ्यायचं?

भरलेल्या काडतुसाचं. ज्या कंपनीच्या ज्या लॉटची पुंगळी वापरणार, तिच्यातच आपल्याला हवी ती गोळी बसवायची आणि मानेचा बाहेरचा व्यास मोजायचा. एकच नव्हे, चार-पाच काडतुसं घ्यायची आणि प्रत्येकावर दोन-तीन जागी फिरवून मोजायचं.

समजा .३०८ विंचेस्टर आहे. गोळीचा व्यास ०.३०८ इंच, मानेची भिंत १४ थाउ जाड. भिंत दोन्ही बाजूंना असते, म्हणून २८ थाउ मिळवायचे. भरलेल्या मानेचा व्यास आला ०.३३६. यातून दोन थाउ वजा करा, ०.३३४ चा बुश. हा सुरुवातीचा आकडा. टेक्सासच्या पुतण्याला ३३४ कुणी सांगितला असेल तर त्या सांगणाऱ्याच्या पुंगळीची भिंत १४ थाउ असणार. पुतण्याच्या पुंगळीची १५ असेल तर त्याची भरलेली मान ०.३३८ ची होते आणि त्याला ३३६ लागतो. दोघांची रायफल एकच, गोळी एकच, तरी बुश दोन नंबरांनी वेगळा. नुसती पुंगळी बनवणारी कंपनी बदलली तरी एवढा फरक पडतो.

मान आवळल्यावर आतून एक्स्पांडर किंवा मँड्रेल, म्हणजे नेमक्या मापाची गुळगुळीत दांडी, घालणार असाल तर हिशेब बदलतो. तेव्हा शेवटचं माप आतून ठरणार आहे, म्हणून बुशने तीन-चार थाउ आवळून मँड्रेलला काम शिल्लक ठेवायचं. वरच्या १४ थाउच्या उदाहरणात ३३२ किंवा ३३३. बुश आणि मँड्रेल दोन्ही वापरणारा एक आकडा सांगतो, नुसता बुश वापरणारा दुसरा सांगतो, आणि ऐकणारा बुचकळ्यात पडतो.

मोजायचं हत्यार मात्र नीट हवं. साध्या डिजिटल व्हर्नियरची खात्री एका थाउच्या आसपास असते. ज्या फरकाने वस्तू निवडायची तेवढीच चूक हत्यारात असेल तर ते मोजमाप कसलं? मानेच्या बाहेरच्या व्यासाला मायक्रोमीटर वापरावा. भिंतीच्या जाडीला गोल टोकाचा, नळीची जाडी मोजतो तो. बुशवर कोरलेल्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. बुशमधून काढलेली मान काय माप देते ते पाहायचं. टूल रूममध्ये आम्ही ड्रॉइंगवरचा आकडा आणि हातातला जॉब यांत नेहमी जॉबचं ऐकायचो.

## वजाबाकी इतकी सरळ असते का?

नसते, कारण पितळ परत उघडतं. बुशमधून बाहेर पडली की मान अर्धा ते एक थाउ मोठी होते. याला आमच्याकडे स्प्रिंगबॅक म्हणतात. पत्रा वाकवणाऱ्याला तो माहीत असतो, म्हणून तो नव्वद अंशाच्या कोनासाठी थोडं जास्तच वाकवतो. वरच्या उदाहरणात ३३४ च्या बुशमधून आलेली मान प्रत्यक्षात ०.३३४५ किंवा ०.३३५ भरेल. २८ थाउची भिंत वजा केली तर आतला व्यास येतो ०.३०६५ ते ०.३०७. गोळी ०.३०८ ची. म्हणजे पकड एक ते दीड थाउची.

गोळीचा व्यास आणि गोळी बसण्याआधीचा मानेच्या आतला व्यास यांच्यातल्या फरकाला नेमबाज 'नेक टेन्शन' म्हणतात. आमच्या भाषेत तो इंटरफेरन्स, शाफ्टवर बेअरिंग दाबून बसवताना ठेवतात तोच. पुढे मी त्याला सरळ 'पकड' म्हणतो. एक ते तीन थाउ ही नेहमीची पकड, दोन हा बहुतेकांचा मुक्काम.

स्प्रिंगबॅक सगळ्या पुंगळ्यांत सारखा नसतो. नव्या, नरम पितळात तो कमी असतो. पाच-सहा वेळा उडवून आवळलेल्या पुंगळीत जास्त. त्यामुळे तोच बुश, तीच पुंगळी, तरी वर्षभराने पकड बदललेली असते. पुतण्याने "बुश झिजला का?" असं विचारलं तर बहुधा बुश ठणठणीत असतो, पितळ म्हातारं झालेलं असतं.

आणखी एक अडचण आहे. कारखान्यात बनलेल्या रायफलचं चेंबर सैल ठेवलेलं असतं, म्हणजे धूळ, काजळी, जाड पितळ असं काहीही आलं तरी काडतूस आत जावं. तिथे उडवलेली मान, उदाहरणादाखल, ०.३४३ पर्यंत फुगते. तिला एका दमात ३३४ वर आणायचं म्हणजे नऊ थाउ आवळायचं. एवढं एकदम दाबलं तर मान तिरकी व्हायला लागते, आणि कधी कधी बुशच्या मापापेक्षाही लहान होऊन बसते. म्हणून पाच थाउच्या वर आवळायचं असेल तर दोन टप्पे करायचे. आधी ३३८, मग ३३४. एक बुश जास्त घ्यावा लागतो, पण बिघडलेल्या पुंगळ्यांपेक्षा तो स्वस्त.

## जितकं घट्ट तितकं चांगलं नाही का?

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि ज्याने प्रेस फिटचं काम केलंय त्याने तरी तो घेऊ नये असं मला वाटतं.

पितळ ताणलं की एका मर्यादेपर्यंत ते स्प्रिंगसारखं वागतं, सोडलं की मूळ जागी येतं. त्या मर्यादेपलीकडे ते कायमचं वाकतं. कडक पितळात ही मर्यादा साधारण ०.४ टक्के धरा. ०.३०८ इंचाचे ०.४ टक्के म्हणजे सव्वा थाउ. मान एवढी ताणली जाईपर्यंत ती गोळीला स्प्रिंगच्या जोराने धरते. पकड दोन-तीन थाउवर नेली की गोळी आत जाताना मानेला कायमची मोठी करत जाते, एक्स्पांडरचं काम गोळीच करते. चार, पाच थाउ ठेवले तरी शेवटी गोळीला धरणारा जोर त्या मानाने वाढत नाही. वाढते ती गोळी बसवायला लागणारी ताकद. आणि त्या ताकदीत गोळीचं तांब्याचं कातडं खरवडलं जातं, गोळी तिरकी बसते.

याचा अर्थ सैल ठेवा असाही नाही. एकेक काडतूस हाताने चेंबरमध्ये ठेवून रायफल बंद करणाऱ्याला एक थाउ पुरतो. मॅगझिनमधून काडतूस चढवणाऱ्याला दीड-दोन बरे. सेमी-ऑटोमॅटिक रायफल काडतूस धडाक्याने चेंबरमध्ये ढकलते. त्या धक्क्याने गोळी मानेत मागे सरकली तर आतली जागा कमी होते आणि दाब धोकादायक वाढू शकतो. तिथे तीन थाउची पकड ठेवतात, आणि यात कंजुषी करू नये.

उलट बाजूचा धोका फार जण विसरतात. भरलेल्या काडतुसाची मान चेंबरमध्ये सैल असायलाच हवी, नाहीतर गोळी सुटायला मानेला उघडायला जागा राहत नाही आणि दाब चढतो. कारखान्याच्या चेंबरमध्ये ही चिंता नसते. पण हौसेने घट्ट मानेचं चेंबर करून घेतलेल्यांनी बुश निवडायच्या आधी भरलेल्या मानेचं माप आणि चेंबरचं माप शेजारी शेजारी लिहून पाहावं.

## एवढ्या बारीक फरकाने निशाण्यावर काय होणार?

शंभर मीटरवर डब्बे उडवणाऱ्याला काहीही नाही. त्याने साधी डाय वापरावी आणि वाचलेले पैसे सरावाच्या काडतुसांवर घालावेत. हे मी गंभीरपणे सांगतो आहे. बुशचं खूळ लागलेल्या पोरांपैकी बऱ्याच जणांना बुशची गरज नसते.

गरज सुरू होते ती अंतर वाढल्यावर. एफ-क्लास नावाची एक स्पर्धा असते, कॅनडाच्या जॉर्ज फार्क्वारसन यांच्या आडनावातला 'एफ'. आडवं पडून, रायफलला टेकू देऊन, हजार यार्डांपर्यंत नेम धरायचा. हजार यार्डांवर तिथल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास दहा इंच, साधारण २५ सेंटिमीटर. .३०८ ची जड गोळी सेकंदाला ७९० मीटरच्या आसपास निघते. त्यात एक टक्का, म्हणजे सात-आठ मीटरचा फरक पडला तर हजार यार्डांवर गोळी साधारण पाव मीटर वर-खाली जाते. म्हणजे दहाचं अख्खं वर्तुळ. तोच एक टक्का तीनशे यार्डांवर दीड सेंटिमीटरच्या आसपास राहतो, जो हाताच्या थरथरीत हरवून जातो.

वेग बदलतो तो काही फक्त मानेमुळे नाही. दारूचं वजन, प्रायमर, पुंगळीच्या पोटातली जागा, तापमान, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. पण एका काडतुसात गोळी एक थाउने धरली आहे आणि पुढच्यात तीनने, तर दारू पेटताना दाब चढण्याची सुरुवात दोन्हीत वेगळी होते. वीस काडतुसांत सारखीच दीड थाउची पकड असणं हे काहींत तीन आणि काहींत एक असण्यापेक्षा कधीही बरं. म्हणून बुश निवडताना "किती घट्ट" यापेक्षा "सगळ्यांत सारखं येतंय का" याकडे बघायचं. गोळी बसवताना हाताला लागणारा जोर दर वेळी सारखा जाणवत असेल तर बुश बरोबर आहे. एखादी लोण्यात सुरी जावी तशी गेली आणि पुढची अडून बसली, तर नंबर बदलून उपयोग नाही, दोष पितळात आहे.

## भिंतच असमान असेल तर?

असतेच. बाजारातल्या पुंगळीत एकाच मानेच्या एका बाजूची भिंत दुसऱ्या बाजूपेक्षा एखाद-दीड थाउ जाड असणं नेहमीचं आहे. बुश बाहेरून दाबतो, त्यामुळे बाहेरचा गोल सुरेख होतो आणि सगळी असमानता आत ढकलली जाते, जिथे गोळी बसायची. एक्स्पांडर किंवा मँड्रेल आतून दाबतो, त्यामुळे आतला गोल सुरेख होतो आणि असमानता बाहेर जाते.

मला विचाराल तर चांगल्या कंपनीची पुंगळी नसेल तेव्हा बुशनंतर मँड्रेल हाच मार्ग शहाणपणाचा. .३०८ ला ०.३०६ चा मँड्रेल लावतात. तो वरून आत ढकलला जातो, गुंडीसारखा ओढला जात नाही, म्हणून मान तिरकी होत नाही. दुसरा मार्ग मान बाहेरून कापून भिंत सारखी करण्याचा, आमच्या लेथवरच्या टर्निंगसारखा. बेंचरेस्टवाले, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून सगळ्या गोळ्या जवळात जवळ पाडणारे, ते करतात. पण मान कापली की भिंत पातळ झाली, भरलेल्या मानेचं माप बदललं, आणि बुशचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

काजळीचीही एक मजा आहे. मानेच्या आत उरलेला कार्बनचा पातळ थर वंगणाचं काम करतो. पुंगळ्या लखलखीत धुऊन काढल्या की तो थर जातो, आणि तेवढीच पकड असूनही गोळी चिकटून बसते. सगळ्या एकसारख्या धुवा, नाहीतर सगळ्या एकसारख्या मळलेल्या ठेवा. निम्म्या-निम्म्याचा काही उपयोग नाही.

## पितळ पुन्हा नरम करायचं का?

करणारे करतात, आणि मला ते पटतं. काही वेळा भरून झाल्यावर फक्त मान आणि खांदा थोडा वेळ तापवतात, याला अॅनिलिंग म्हणतात. त्याने पितळ पुन्हा नरम होतं, स्प्रिंगबॅक सगळ्या पुंगळ्यांत सारखा होतो आणि मानेला चिरा जायचं लांबणीवर पडतं. सैन्याच्या कित्येक नव्या काडतुसांच्या मानेवर निळसर-तपकिरी पट्टा दिसतो, तो याच कामाचा. एक पथ्य कडक आहे: पुंगळीचं बूड तापू द्यायचं नाही. तिथलं पितळ कडकच हवं, सगळा दाब ते झेलतं. बूड नरम झालेली पुंगळी फुटून तोंडावर येऊ शकते.

आवळलेल्या पितळाचं एक दुखणं तर थेट आपल्या पावसाळ्याशी जोडलेलं आहे. ब्रिटिश फौजेच्या काळात भारतात पावसाळ्यात मोहिमा थंडावायच्या आणि काडतुसं तबेल्यांत ठेवली जायची. कोरड्या दिवसांत बाहेर काढली तर पुंगळ्यांना चिरा गेलेल्या. न उडवता, न आपटता. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी कारण उलगडलं. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा, आणि ओढून-आवळून पितळात अडकून राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ कणांच्या सीमेवरून तडकतं. उपाय निघाला तो तापवून ताण उतरवण्याचा. इंग्रजीत या तडकण्याला सीझन क्रॅकिंग असं नाव पडलं, आणि धातुशास्त्राच्या वर्गात हा तबेल्याचा किस्सा आजही सांगतात. अमोनियावाला पॉलिश क्लीनर पुंगळीला लावू नये हा सल्ला त्यातूनच आला आहे, आणि तो पाळावा.

## ऑलिंपिकमधले नेमबाज हे सगळं करतात का?

नाही. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य जिंकलं. त्यानंतर मला दोन-तीन जणांनी उत्साहाने विचारलं की तो बुश कुठला वापरतो. तो .२२ ची रिमफायर काडतुसं वापरतो. त्यात प्रायमरची वेगळी टिकली नसते, पेटणारा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या काठाला चेपते. चेपलेला काठ घरी पुन्हा भरण्याजोगा नसतो. दहा मीटरच्या एअर रायफलला तर दारूच नाही, ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा आणि दाबलेली हवा. बुश, डाय, मँड्रेल हे सगळं सेंटरफायरवाल्यांचं, म्हणजे ज्यांच्या काडतुसात प्रायमर बुडाच्या मध्यभागी असतो त्यांचं.

## शेवटी घ्यायचे किती?

पुतण्याला मी तीन सांगतो. भरलेल्या मानेतून दोन थाउ वजा करून जो नंबर येतो तो, त्याच्या एक खालचा, आणि चेंबर सैल असेल तर मधल्या टप्प्यासाठी चार-पाच थाउने मोठा एक. एक नंबर वरचा सहसा पडून राहतो. सोनेरी टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा असलेला बुश थोडा महाग येतो, पण मान त्यातून कमी घर्षणाने जाते. परवडत असेल तर तो घ्यावा, नसेल तर साध्या पोलादी बुशला वंगणाचा हलका हात पुरतो. पुंगळीचा लॉट बदलला की पुन्हा पाच काडतुसं भरून मोजायची. नंबर तोच निघाला तर उत्तम.

डाय जुळवताना नव्या माणसाची हमखास एक गडबड होते. बुशच्या वरचा आटा तो पाना लावून करकचून आवळतो, कारण हलणारा भाग त्याला ढिला वाटतो. बुशला किंचित हलायला जागा हवी, म्हणजे तो पुंगळीच्या मानेवर आपोआप मध्यात येतो. आटा टेकेपर्यंत फिरवून मग पाव फेरा मागे घ्यायचा. डाय कानाशी हलवली की बुशचा बारीकसा खुळखुळ ऐकू यायला हवा.